शाकाहारी सुंगटं
(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



श्रावण चालू आहे आणि आम्ही सुंगटांवर बोलायला उभे आहोत. पण रागावू नका. आमची सुंगटं चुलीवर चढत नाहीत. ती लोकर, तांब्याची तार आणि दुधाच्या पिशवीची आहेत.

आम्ही चार-पाच जण खाजनाच्या बांधावर गरवायला बसणारे. गरीला खरं सुंगट न लावता दोऱ्याने बांधलेलं नकली सुंगट लावायचं, त्याला फ्लाय म्हणतात. विकतची फ्लाय महाग, आणि खडपात अडकली की गेली. म्हणून घरातच शोधाशोध केली. तोरणाची उरलेली राखाडी लोकर मिळाली, जळालेल्या मोटरीची तार मिळाली.

गरीच्या दांडीवर आधी तार गुंडाळायची, म्हणजे वजन येतं. तिच्यावर लोकरीचं अंग. पाठीवर दुधाच्या पिशवीची पट्टी, वरून तारेचे वेढे, की झालं कवच. जाड नायलॉन दोरीचं टोक निरांजनावर वितळवलं की डोळ्याचा मणी होतो. हे काम मोठ्यांनीच करावं. जुन्या टूथब्रशचे दोन केस म्हणजे मिशा. शेवटच्या गाठीवर नेलपॉलिशचा थेंब.

दिसायला झकास! पण दोन महिने एक चोणक फिरकला नाही. आम्ही लोकरीचा रंग बदलला, एकमेकांच्या गाठींना नावं ठेवली, आणि पुढे पुढे तर बांधावर एकमेकांपासून लांब बसू लागलो.

एका रविवारी आमच्यातल्या एकाच्या नातीने परातीतल्या जिवंत सुंगटाला बोट लावलं आणि विचारलं, "आजोबा, हे मागे का पळतं?"

आम्ही गप्प. भ्यालेलं सुंगट शेपटीचा फटका मारून मागे झेप घेतं. आम्ही तोंड बांधलं होतं गरीच्या नेढ्याकडे, त्यामुळे दोरी ओढली की आमचं सुंगट तोंड पुढे करून निघायचं! जन्मभर सुंगटं खाल्ली, पाहिली मात्र नव्हती.

मग तोंड आकड्याकडे घेतलं, शेपटी नेढ्याकडे. पुढच्याच आठवड्यात दोरीला झटका बसला. चोणक लहान होता. गरीचा काटा पकडीने दाबलेला, त्यामुळे सहज सुटला आणि पाण्यात गेला.

इंग्लंडात विल्टशर परगण्यातल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी तार आणि रफूची लोकर एवढ्यावरच 'किलर बग' ही फ्लाय बांधली. गोड्या पाण्यातल्या बारीक सुंगटासारखी ती माशांना भासते. चॅडविक ४७७ ही ती लोकर निघायची बंद झाली, तेव्हा हौशी मंडळी तिच्या जुन्या गुंड्या शोधत फिरू लागली. पण सॉयर वर्षानुवर्षं नदीकाठी पाहत उभे होते. ते काही लोकरीबरोबर मिळत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. चवथ झाल्यावर मखर उतरवाल, तेव्हा उरलेली लोकर टाकू नका, आम्हाला द्या. आणि ती घेऊन एखादं नातवंड पाठवा.