बालाघाटांतील मोरांचें रान



बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. तुटलेले कडे आणि त्यांखालीं फुटणारें पाणी पाहावयाचें म्हणजे आपण कोकणची वाट धरतों. परंतु खडकाळ, उघड्या भूमीची ज्यास ओढ आहे, त्यानें एकदां पाटोदा तालुक्यांत जावें. तेथें बालाघाटाच्या रांगेंत नायगांव येथें मोरांसाठीं राखलेलें अभयारण्य आहे. तें १९९४ सालीं जाहीर झालें. क्षेत्र सुमारें ३० चौरस किलोमीटर.

घनदाट अरण्याची अपेक्षा मात्र ठेवूं नये. खालीं काळा पाषाण, म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस; वर मुरमाड माती, बाभळी, बोरी, काटेरी झुडुपें. मोरास हाच मुलूख मानवतो. दिवसा झुडुपांखालीं दाणे, किडे, सरडे टिपावे आणि सांजेस उंच झाड गाठावें, असा त्याचा क्रम. म्हणून पाहुण्यानें पहाट किंवा सांज साधावी. पिसारा पाहावयाचा तर पावसाच्या तोंडावर जावें. पावसाळा सरतांना नर तीं लांब पिसें गाळून टाकतो, आणि दिवाळींत गेलेला प्रवासी आपणांस फसविलें असें समजून परततो!

त्याच तालुक्यांत सौताडा येथें विंचरणा नदी कड्यावरून खोल दरींत उडी घेते. तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे. तिचें पाणी सीना, भीमा या वाटेनें कृष्णेस मिळतें. पाटोद्याकडेच उगम पावणारी मांजरा मात्र गोदावरीस जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन वाटांनीं पूर्वसमुद्र गांठतो, आणि डोंगर उन्हाळ्यांत तहानलेला राहतो.

पाण्यामागोमाग माणसेंही उतरतात. दसरा झाला कीं या भागांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या सुमारास परततात. मग पेरणी होते, आणि पेरलेलें बीं मोर वेंचतात. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी. १९७२ च्या कायद्यानें त्यास संरक्षण आहे, तें योग्यच. पण त्याच्या दाण्याचा भार कोणावर पडतो, हें पाहुणा क्वचितच विचारतो. मला हें खटकतें. जाणाऱ्यानें वाहन दूर ठेवावें, पायीं हिंडावें, वाटाड्या गांवचाच घ्यावा, जेवण त्याच्याच घरीं सांगावें आणि दोहोंचे पैसे घासाघीस न करतां द्यावे.