पारख्याची पारख



आम्ही नाणी जमविणारे नव्हे. हयात कामगारांत गेली. नाणे हातात आले ते पगाराच्या दिवशी, आणि जमविण्याइतके ते कधी टिकले नाही. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आमच्या संघटनेतील एक निवृत्त फिटर. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी १९११ सालचा पंचम जॉर्जचा एक रुपया विकत घेतला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि सरकारला जो रुपया मागे घ्यावा लागला, तोच हा. नाणे प्लास्टिकच्या बंद डबीत, आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर ६५ हा आकडा. विकणारा म्हणाला, "काका, हे आम्ही म्हणत नाही, तिसरा माणूस म्हणतो." त्या तिसऱ्या माणसाविषयी आज बोलावयाचे आहे.

हा आकडा आला अमेरिकेतून. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी बसविली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० च्या खाली वापरलेले नाणे, ६० पासून वर न वापरलेले. झिजलेले नाणे ओळखणे फारसे कठीण नाही. खरी गोम वरच्या अकरा आकड्यांत आहे. तेथे ओरखडा किती, झळाळी किती, हे डोळ्याने ठरवावयाचे. तराजू नाही, गज नाही. आणि ६४ व ६५ यांच्या किमतीत कधी कधी कैक पटींचे अंतर!

पूर्वी हे ठरवी कोण? खुद्द व्यापारी. घेताना तेच नाणे त्याला बरे वाटे, विकताना उत्तम. तेव्हा तिऱ्हाईत पारखी हवा, ही मागणी रास्तच होती. आपल्याकडे पेशवाईत जागोजागच्या टांकसाळींचे रुपये चालत, एकाला दुसऱ्याच्या तुलनेत बट्टा लागे आणि तो ठरविण्यास पोतदार असे. आज पोतदार हे आडनाव उरले आहे. मुळात तो नाणी पारखणारा माणूस. अमेरिकेत नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संस्थेने १९७२ साली खऱ्याखोट्याची तपासणी सुरू केली, १९७९ पासून दर्जाही देऊ लागली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या खाजगी कंपन्या बाजारात उतरल्या. नाणे अनेक पारख्यांनी पाहावयाचे, ते कोणाचे हे त्यांना कळू द्यावयाचे नाही, मग डबीत कायमचे बंद करावयाचे, आणि आपला दर्जा चुकला तर भरपाई द्यावयाची, अशी ही व्यवस्था. तिने पुष्कळ बनावट नाणी बाजारातून हुसकली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु आमच्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की पारख्याला पैसे कोण देतो? ज्याचे नाणे, तोच. महाग नाण्याला फीही जास्त. कारखान्यातल्या माणसाला येथे एकदम इंग्लंडच्या कोळशाच्या खाणी आठवतात. तेथे मजुरी कोळशाच्या वजनावर असे आणि काटा मालकाच्या माणसाच्या हाती. १८६० च्या कायद्याने खाणकामगारांना स्वखर्चाने आपला वजनतपासनीस नेमण्याचा हक्क मिळाला. पण तो त्याच खाणीतल्या नोकरांपैकी असावा, अशी अट होती. मालकांनी अशा तपासनिसांना सरळ कामावरून काढून टाकले! ती अट सुटावयास १८८७ साल उजाडले. म्हणजे तिसरा माणूस नेमला एवढ्याने भागत नाही. त्याची भाकरी कोणाच्या हाती, हे पाहावे लागते.

डबीवाल्या पारख्यांची भाकरी व्यापाऱ्यांच्या हाती आहे. याचा परिणाम एका धंद्यात दिसतो. व्यापारी ६४ ची डबी फोडतो, नाणे काढतो, नव्याने फी भरून पुन्हा पाठवितो. पुन्हा ६४ आले, तर पुन्हा फोडतो. एखाद्या वेळी ६५ पडले की थांबतो. मग ती डबी कोणी फोडीत नाही, आणि नाणे त्याच आकड्याने आपल्यासारख्या गिऱ्हाइकाकडे येते. यात पारख्याने लबाडी केली असे मुळीच नाही; डोळा माणसाचा आहे, आज एक दिसते, उद्या दुसरे. पण चूक दोन्ही बाजूंना होत असली, तरी डबीत टिकून राहते ती विकणाऱ्याच्या फायद्याची चूक. आणि फी प्रत्येक खेपेस मिळते. १९९० साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांना हरकत घेतली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे २००७ मध्ये, याच धंद्याच्या उभारणीत असलेल्या जॉन अल्बनीझ यांनी डबीबंद नाणी पुन्हा तपासून, आकड्याला पुरेपूर उतरलेल्यांवर हिरवी चिकटपट्टी लावणारी संस्था काढली. पारख्यावर पारखी! २०२३ पासून तीही स्वतःच्या डब्या भरू लागली आहे.

मग विश्वास ठेवावा कोणावर? आमच्या मते भरपाईच्या कलमावर प्रथम नजर टाकावी. चुकीचे पैसे ज्याच्या खिशातून जातात, तो फीच्या मोहातही जरा जपून वागतो. बड्या कंपन्यांचा जो काही भरवसा आहे, तो पुष्कळसा या भीतीवर उभा आहे. ज्याच्या चिठ्ठीवर नुसता आकडा आणि भरपाईचे नाव नाही, त्याचा आकडा शून्य धरावा. तो स्वतः नाणी विकतो काय, हेही विचारावे. चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा. अर्थात, बड्या कंपन्यांच्या हुबेहूब बनावट डब्याही निघाल्या आहेत आणि त्यांवर खरे क्रमांक छापलेले असतात. म्हणून नोंदीतले छायाचित्र मिळाले, तर तेही हातातल्या नाण्याशी जुळवावे.

आमच्या फिटरसाहेबांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव होते, पत्ता नव्हता. क्रमांक होता, पण तो ताडून पाहावयास नोंदवही कोठेच सापडली नाही. आम्ही डबी उघडून नाणे ओळखीच्या सराफाकडे नेले. वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर, चांदी बरोबर, रुपया अस्सल. मात्र कोणीतरी तो घासून चकचकीत केलेला. घासलेल्या नाण्याला चांगले पारखी आकडा देत नाहीत, कारण मूळची झळाळी गेली ती गेली. आणि आमचे फिटरसाहेब तर त्या चकाकीलाच भुलले होते. आम्ही दोघे विकणाऱ्याकडे गेलो. तो अदबीने बोलला, चहा मागविला, पैसे परत देण्यास नाही म्हणाला नाही. फक्त बिल मागितले. बिल त्याने दिलेच नव्हते.