एका वेदनाशामक गोळीचा हिशेब



समोर डॉक्टर मंडळी बसली असताना आम्ही औषधावर बोलावे, हे धाडसच होय. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार झाले. परंतु मजुरांच्या संघटनेत आयुष्य काढल्यावर दोन गोष्टी कळतातच : दुखरा गुडघा म्हणजे काय, आणि वही कशी वाचावी. आजची हकिकत या दोहोंची आहे.

संधिवातावरच्या जुन्या गोळ्या दुखणे थांबवीत, पण पोट जाळीत. कित्येकांच्या जठरात व्रण होऊन रक्त पडे. याचे मूळ इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखविले. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सूज व वेदना वाढवितात, आणि जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. गोळी ती सगळीच बंद पाडते. पुढे 1990 नंतर कळले की, ही द्रव्ये बनविणारी विकरे दोन आहेत. कॉक्स-1 पोट सांभाळते. कॉक्स-2 सुजेच्या जागी जागे होते. मग दुसऱ्यालाच तेवढे अडवावे! कल्पना सुंदर होती, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो. तिच्यातून अमेरिकेच्या मर्क कंपनीचे रोफेकॉक्सिब निघाले. ‘व्हायॉक्स’ या नावाने ते मे 1999 मध्ये तेथे मंजूर झाले.

आता अडचण पाहा. रक्तवाहिनीच्या अस्तरात रक्त गोठू न देणारे एक द्रव्य असते. ते बनविण्यात कॉक्स-2 चा वाटा मोठा. रक्त गोठविणारे द्रव्य बनविते कॉक्स-1. तराजूच्या एका पारड्यातले वजन काढून घेतले, तर काटा कोणीकडे झुकेल, हे किराणा दुकानदारही सांगेल.

सुमारे आठ हजार रोग्यांवर मोठी चाचणी झाली व ती नोव्हेंबर 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना व्हायॉक्स, निम्म्यांना नॅप्रोक्सेन हे जुने औषध. पोटाचे गंभीर विकार व्हायॉक्सवर निम्म्याहून कमी झाले, हे खरे. पण हृदयविकाराचे झटके? नॅप्रोक्सेनवर 4, व्हायॉक्सवर 17. कंपनी म्हणाली, आमचे औषध घातक नाही, नॅप्रोक्सेनच हृदयाला तारक आहे. ‘तुमची मजुरी कमी नाही, शेजारच्या कारखान्याची जास्त आहे,’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे!

आणि हे 17 देखील पुरे नव्हते. डिसेंबर 2005 मध्ये, ज्या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख छापला त्यानेच जाहीर केले की, आणखी तीन झटके हिशेबात धरलेले नव्हते. ठरलेल्या तारखेनंतर ते घडले, असे कंपनीचे उत्तर. परंतु पोटाचे विकार मोजण्याची तारीख त्यानंतर महिनाभराची होती! लाभाची वही एक महिना उघडी, हानीची आधीच मिटलेली. कारखान्याच्या अपघातवहीत ‘सुटीनंतर घडले’ म्हणून न चढलेले बोट आम्ही पाहिले आहे. म्हणून या एका महिन्यापाशी आम्ही इतके रेंगाळतो.

पुढे आतड्यातील गाठींसाठी झालेल्या चाचणीत तुलना नुसत्या निर्गुण गोळीशी होती. तेथे नॅप्रोक्सेनची सबब चालेना. अठरा महिन्यांनंतर झटक्यांचा धोका दुपटीच्या घरात गेला, आणि 30 सप्टेंबर 2004 रोजी कंपनीने औषध मागे घेतले. नोव्हेंबरात अमेरिकन औषध-खात्याचेच डॉक्टर डेव्हिड ग्रॅहम यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली : 88,000 ते 1,39,000 अमेरिकनांना यामुळे गंभीर हृदयविकार झाला असावा. हा अंदाज होय. पण अंदाज बांधण्यापुरत्या नोंदी तेथे होत्या. 2007 मध्ये कंपनीने दोष मान्य न करता 485 कोटी डॉलरची तडजोड केली.

आपल्याकडे त्या काळी औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, म्हणून अनेक कंपन्या रोफेकॉक्सिब आपापल्या नावांनी विकीत. डिसेंबर 2004 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. औषधांचे दुष्परिणाम नोंदविणारा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र जुलै 2010 मध्ये सुरू झाला. त्यात डॉक्टरांप्रमाणे रोग्यालाही आपली तक्रार नोंदविता येते. सेलेकॉक्सिब हे याच कुळातले औषध आजही मिळते, आणि हृदयविकार असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. हमाली करणारा आमचा माणूस औषधाच्या दुकानात जाऊन नुसते ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हणतो. चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि गोळीचे नाव त्याला ठाऊक नसते.