झाशीचा ग्रेनाइट आणि सुरुंगाचे शास्त्र



झाशीचा किल्ला बंगरा नावाच्या ग्रेनाइटच्या टेकडीवर उभा आहे. ओरछाचा राजा वीरसिंह देव याने १६१३ मध्ये तो बांधला. पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी १७४२ नंतर त्याचा विस्तार केला आणि तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जाऊ लागला. १८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोझच्या तोफा या तटावर धडाडत होत्या. त्या वेळी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे त्या गोळामारीची हकिगत मराठी वाचकाला जणू घरच्या माणसाच्या तोंडून कळली.

आज या परिसरात स्फोटाचा आवाज ऐकू येतो, तो दगडखाणींतून. तोच ग्रेनाइट सुरुंग लावून फोडला जातो, क्रशरमध्ये भरडला जातो आणि खडी होऊन रस्ते, लोहमार्ग व इमारतींकडे रवाना होतो. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पातील उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन्ही कॉरिडॉर झाशीतच एकमेकांना छेदतात. त्यामुळे पायाभूत सुविधांच्या चर्चेत झाशीचे नाव वारंवार येते, मात्र त्या सुविधांच्या तळाशी असलेल्या सुरुंगाचा उल्लेख क्वचितच होतो.

बुंदेलखंडातील ग्रेनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे देशातील अतिप्राचीन खडकांपैकी एक आहे. त्यातून ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, लांबच लांब भिंती गेल्या आहेत, तर त्यांना छेदून डोलेराइटचे काळे पट्टे जातात. गारेच्या या भिंतींमधील खिंडी अडवून पूर्वजांनी तलाव बांधले. हीच गार खाण कामगाराच्या फुप्फुसात जाते तेव्हा काय होते, ते पुढे येईलच.

ग्रेनाइट फोडण्यासाठी स्फोटक का लागते? दगड दाबाला खंबीर आणि ताणाला कच्चा असतो. ग्रेनाइटची ताण सोसण्याची शक्ती त्याच्या दाब सोसण्याच्या शक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. भोकात स्फोट झाला की दाबाची लहर खडकातून धावते. ती खाणीच्या मोकळ्या कड्यापर्यंत पोहोचते आणि तेथून परतताना ताणाची लहर बनते. खडक तडकू लागतो तो या परतीच्या लहरीने. मागोमाग तप्त वायू भेगांत शिरतात, त्या रुंदावतात आणि सुटलेला दगड पुढे ढकलतात. जुनी काळी दारू नुसती वेगाने जळत असे. आजच्या इमल्शन स्फोटकांत मात्र प्रस्फोटाची लाट सेकंदाला चार ते सहा हजार मीटर वेगाने जाते.

या ऊर्जेचा लहानसा भागच दगड फोडण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा जमिनीतील कंप, हवेतील दणका, उष्णता आणि उडणारे दगड यांत जाते. कुशल सुरुंग-अभियंत्याचे सारे कसब हा अपव्यय आवरण्यात असते. भोक आणि मोकळा कडा यांतील अंतर प्रमाणाबाहेर वाढले तर स्फोटाची शक्ती कोंडून जमिनीत शिरते आणि दूरची घरे हादरतात. ते फार कमी झाले तर दगड तोफगोळ्यासारखे उडतात. भोकाचे तोंड नीट ठासून बंद केले नाही तरी तोच धोका असतो. शिवाय सर्व भोके एकदम न उडवता काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने ओळीने उडवली जातात. प्रत्येक भोकाचा दगड सुटला की मागच्या भोकाला नवा मोकळा कडा मिळतो, आणि कंपाचे प्रमाण एकूण स्फोटकावर नव्हे तर एका क्षणी उडणाऱ्या स्फोटकावर ठरते. ही एकच गोष्ट नीट पाळली तरी खाणीशेजारच्या गावाचा बराचसा त्रास टळतो.

हा कंप मोजता येतो. धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात इमारतीच्या पायाशी कणांचा वेग किती असावा याच्या मर्यादा ठरवून दिल्या. खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी कंपाची वारंवारिता ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर ही मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १० आणि त्याहून अधिक असेल तर १५ मिलिमीटर आहे. ऐतिहासिक व संवेदनशील वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे आहेत. मंद कंपाला मर्यादा अधिक कडक का, असा प्रश्न पडेल. घरांची स्वतःची डोलण्याची वारंवारिता कमी असते. त्याच गतीचा कंप आला की घर त्याच्याबरोबर झुलू लागते आणि भिंतींना तडे जातात. झाशी आणि शेजारच्या ओरछासारख्या वास्तुसंपन्न प्रदेशात हे दोन मिलिमीटर किती मोलाचे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे वळू. परीक्षार्थींचा येथे हमखास गोंधळ होतो. स्फोटके हा केंद्र सूचीतील ५ व्या नोंदीचा विषय आहे. खाणींतील कामगार व सुरक्षितता ५५ व्या नोंदीत येते. बांधकामाचा दगड मात्र गौण खनिज असल्याने त्याच्या पट्ट्यांचे नियम १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ नुसार राज्य सरकार करते. म्हणजे एकाच खाणीत जमिनीचा पट्टा राज्याचा, तर सुरुंग व कामगाराची सुरक्षितता केंद्राची. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखालील २००८ च्या नियमांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था करते. १८९८ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांवर १ एप्रिल २००४ पासून बंदी आली, आणि अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र नियम झाले. विद्युत डिटोनेटरवरही १ एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. त्यांची जागा आता इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर घेत आहेत. ते अधिक अचूक असतात आणि चोरीस गेले तरी सहजासहजी वापरता येत नाहीत.

१९५२ च्या खाण अधिनियमाचे कलम ३ येथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. हा अधिनियम आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू यांच्या लहान उघड्या खाणींना त्या कलमाने बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती. मात्र खोली ६ मीटरपेक्षा अधिक नसावी, कामगार ५० पेक्षा अधिक नसावेत आणि स्फोटके वापरलेली नसावीत, अशा अटी होत्या. म्हणजे पहिला सुरुंग लागला की सूट संपली. मग प्रमाणपत्रधारक ब्लास्टर हवा, धोक्याच्या क्षेत्रातून माणसे हलवायला हवीत, आणि कामगारांची वैद्यकीय तपासणीही हवी. गौण खनिज म्हणून ज्या खाणीकडे दुर्लक्ष होते, तीच खाण कायद्याच्या दृष्टीने पूर्ण खाण ठरते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, तीही अशाच दुर्लक्षाची दखल घेऊन.

सुरुंगाचा अपघात सर्वांना दिसतो, धुळीचा दिसत नाही. भोक पाडताना, दगड फुटताना आणि क्रशरमध्ये तो भरडला जाताना गारेचे सूक्ष्म कण उडतात. सुमारे पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तेथे कायमचे व्रण करतात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही आणि काम सोडल्यावरही वाढू शकतो. स्फटिकमय सिलिका कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचाही धोका अधिक असतो, आणि दोन्हींची लक्षणे सारखी असल्याने अनेकदा केवळ क्षयाचे औषध सुरू होते. कायद्याने हा रोग कळवणे बंधनकारक आहे. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचा रोग कोणत्या खाणीच्या नावे कळवायचा? राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणले, ते या अडचणीतूनच.

धूळ रोखण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे भोक पाडताना पाण्याची धार सोडणे. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीच टँकर लागतो, तेथे ड्रिलवर पाणी सोडण्याची सक्ती कागदावर राहते. धूळ ओढून घेणारी यंत्रणा ड्रिललाच जोडता येते. तिला पाणी लागत नाही, पैसे लागतात. पट्टा देताना तीच अट घालून तिची तपासणी करणे राज्याच्या खनिकर्म विभागाला शक्य आहे.