कासरा दुसऱ्याच्या हाती
(रेडिओवरील भाषण)

वाळूजच्या एमआयडीसीत पहिली पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्यामागून सुटे भाग करणारे आले, आणि इंजिन ही वस्तू इथल्या घरांना ताट-वाटीइतकी ओळखीची झाली. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी ‘पायलट व्हायचंय’ म्हणते तेव्हा घरचे आता दचकत नाहीत. प्लॉटची कागदपत्रं काढतात आणि बँकेत जातात.

खरी पंचाईत नंतर सुरू होते. २०० तास भरले, कमर्शियल लायसन्स हाती आलं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं, दोन इंजिनांच्या विमानाची नोंदही झाली. विमान कंपनीचं बोलावणं मात्र येत नाही आणि हप्ता येतो. मग कुणीतरी सुचवतं, इन्स्ट्रक्टर हो. त्यातही ‘मल्टी’वर, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावर, शिकवणारा हो; मल्टीचा तास महाग, तो शिकणाऱ्याच्या पैशाने तुझ्या लॉगबुकात फुकट पडेल.

या ‘फुकट’शी प्रस्तुत वक्त्याचं भांडण आहे. मिळालेली १० मिनिटं त्यातच जाणार, श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

एका इंजिनाचं विमान म्हणजे टांगा. घोडं बसलं की टांगा थांबला; काय झालं ते सवारीलाही कळतं. दोन इंजिनांचं विमान ही बैलजोडी. डावा बैल एकाएकी बसला आणि उजवा जोरात ओढत राहिला, तर गाडी थांबत नाही, डावीकडे वळत जाते. विमानाचंही तेच. डावं इंजिन गेलं की नाक डावीकडे खेचलं जातं आणि वैमानिकाला उजव्या पायाने रडर दाबून धरावा लागतो. शिकवताना सांगतात, जो पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन मेलं. मग त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेला लावायची, म्हणजे फेदर करायची, नाहीतर मेलेला पंखाच विमानाला मागे ओढतो. वेग एका मर्यादेच्या खाली गेला तर पाय कितीही दाबला तरी रडरची ताकद पुरत नाही. जिवंत इंजिन विमान कुशीवर घालतं. वेगाच्या तबकडीवर ती मर्यादा लाल रेघेने दाखवलेली असते. एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग निळ्या रेघेने.

दोनातलं एक गेलं म्हणजे निम्मी ताकद गेली, असा हिशेब घरी मांडतात. तो चुकतो. इंजिनांची बरीचशी ताकद विमान नुसतं तरंगतं ठेवण्यात खर्च होते. चढायला उरते ती वरकड. एक इंजिन बंद पडलं की चढण्याची क्षमता सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होते. भरलेली गाडी सपाट रस्त्यावर एक बैल कशीबशी ओढेल, पण कन्नडच्या औट्रम घाटात? अमेरिकेच्या जुन्या नियमांत तर हलक्या, कमी वेगाने उतरणाऱ्या दुइंजिनी विमानाने एका इंजिनावर चढून दाखवलंच पाहिजे अशी अटही नव्हती. आपला चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२वर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. पुस्तकातला आकडा समुद्रकाठच्या थंड सकाळचा असतो. मराठवाड्यातल्या दुपारची वजाबाकी ज्याची त्याने करायची.

(चिकलठाण्याचं नाव निघालं की इथल्या जुन्या माणसांना २६ एप्रिल १९९३ आठवतो. उड्डाण घेणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. ते इंजिन बंद पडण्याचं प्रकरण नव्हतं. त्याचा हिशेब वेगळा आहे, त्यावर निराळं बोलायला हवं.)

आता शिकवणारा. तो उजव्या सीटवर बसतो आणि धडधाकट बैलाला मुद्दाम बसवतो. इंजिनाची ताकद काढून घेतो आणि शिकणाऱ्याला म्हणतो, आता सांभाळ. शिकणारा गोंधळतो, कधी चुकीचा पाय दाबतो, कधी नाक वर ठेवून वेग घालवत बसतो. त्या क्षणी शिकवणाऱ्याने किती थांबायचं? लगेच हात घातला तर पोरगा काही शिकणार नाही. दोन श्वास जास्त थांबला तर काटा लाल रेघेशी येतो. कासरा दुसऱ्याच्या हातात, बैल आपण बसवलेला, आणि गाडी उलटली तर दोघंही त्याच गाडीत. एकट्याने मल्टी उत्तम उडवणारा माणूस इथे कच्चा निघू शकतो, कारण हे थांबणं त्याने कधी केलेलंच नसतं.

म्हणून तो तास फुकट नाही. पैसे शिकणारा देतो, जोखीम दोघं वाटून घेतात. हे वाक्य पालकांनी पुन्हा ऐकावं, कारण हप्त्याच्या आवाजात ते विरून जातं.

चुकीचा बैल सोडणं हे फक्त शिकाऊंचं काम, असंही समजू नये. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईहून ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर ७२ निघालं. आपल्याकडेही छोट्या शहरांना हीच जात येते. उड्डाणानंतर लगेच उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला. वैमानिकाने ताकद काढून घेतली ती डाव्या, चांगल्या इंजिनाची, आणि तेच बंद केलं. विमान पुलाला घासून नदीत पडलं. ५८ जणांपैकी ४३ गेले. चौकशीत निघालं की टेकऑफच्या वेळी इंजिन जाण्याच्या सरावात तो वैमानिक आधीही अडखळला होता आणि तशा नोंदी होत्या. नोंद लिहिणारा शिक्षकच असतो. ती लिहून पुढे काय झालं, यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण घड्याळ पुढे सरकतंय.

मग मल्टीवर शिकवण्याचं हे रेटिंग घ्यावं की नाही? इथे टेक्सासमधल्या मावसभावाचा सल्ला आडवा येतो. तो म्हणतो, घेऊन टाक, सगळेच घेतात. त्याच्याकडे ते खरंही आहे. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान पडलं, त्यानंतर अमेरिकेने २०१३पासून विमान कंपनीतल्या को-पायलटलाही साधारण १५०० तासांची अट घातली. २५० तासांवरून तिथवर जायला तिथल्या पोरांना शिकवण्यावाचून मोठा रस्ताच नाही. दुइंजिनीचेही ५० तास दाखवावे लागतात, म्हणून तिथे मल्टी इन्स्ट्रक्टरची स्वतंत्र नोंद मोलाची. ती मिळवायला अशा विमानाचे कमांडमधले फक्त १५ तास लागतात, आणि शिकवण्यापूर्वी त्याच मॉडेलवर ५. कायद्याला १५ पुरतात. कासरा दुसऱ्याच्या हाती द्यायला ते पुरतात का, हे कायदा विचारत नाही.

आपल्याकडे शिडीच वेगळी. २०० तासांचं लायसन्स आणि मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग असलं की विमान कंपनी को-पायलट म्हणून घेऊ शकते. शिकवण्याचा रस्ता धरायचा तर आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टर, मग पूर्ण इन्स्ट्रक्टर. असिस्टंट दुसऱ्याच्या देखरेखीखाली शिकवतो. शिष्याला पहिल्यांदा एकट्याने आकाशात सोडण्याचा अधिकार त्याला नसतो. थोडक्यात, टेक्सासमध्ये जो जिना आहे तो इथे बाजूची खोली आहे. त्या खोलीत राहायचं असेल तरच जावं.

विमानंही मोजावीत. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोऱ्यातल्या प्रशिक्षण संस्थेसाठी ३४ विमानं मागवली. त्यातली एका इंजिनाची पायपर ३१, दोन इंजिनांची डायमंड ३. प्रमाण साहजिक आहे, कारण शिकणाऱ्याचे २०० तासांतले बहुतेक तास टांग्यावरच जातात. बैलजोडी शेवटी, थोडी. मल्टीवर शिकवण्याची परवानगी मिळाली म्हणून रोज मल्टीच मिळेल, असं धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया कुठेही गृहीत धरू नये. कर्जाचा तक्ता त्या आशेवर आखणारे वडील इंजिनाचे जाणकार असतील. दिवसाला किती पिस्टन निघतात हे विचारल्याशिवाय त्यांनी कारखान्यात कधी काही मांडलं होतं का?

विचारावं ते साधं. त्या संस्थेत चालू स्थितीत मल्टी किती आहेत. पहिले काही महिने शेजारी जाणता माणूस बसणार की पहिल्याच आठवड्यात एकट्याला पाठवणार. मुलाने स्वतः तेच विमान उन्हाळ्याच्या दुपारी एका इंजिनावर किती वेळा उडवलंय. आणि धाकट्या भावाला दुचाकी शिकवताना त्याने हँडल ओढून घेतलं होतं की मागे धावला होता, हेसुद्धा. हसू नये, हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा कमी नाही.

उत्तरं बरी आली तर हे रेटिंग जरूर घ्यावं. २०२३मध्ये देशात १६२२ कमर्शियल लायसन्सं दिली गेली. त्यातल्या प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी बसलेलं होतं, आणि तशी माणसं कमीच पडतात. फक्त लॉगबुक भरायला म्हणून त्या सीटवर जाऊ नये. तो तास फुकट नाही, हे तिसऱ्यांदा झालं, इलाज नाही.

रात्रीच्या उड्डाणाचं राहूनच गेलं. तिथे क्षितिजच दिसत नाही, गाडी वळतेय हे आधी पायाला कळतं आणि मग डोळ्याला, शिवाय शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचा चेहराही... निवेदकांनी काचेपलीकडून बोट वर केलंय. ते पुन्हा कधीतरी.