एका दिवसाची सहल : गाडी कोण चालवणार?

श्रोतेहो, दिवाळीच्या सुट्या लागल्या की गोंदियातल्या घराघरांत पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि तिसऱ्या दिवशी हमखास विषय निघतो, "एक दिवस कुठेतरी फिरून येऊ." कुठे जायचे यावर फारसे मतभेद होत नाहीत. नवेगावबांधचा तलाव, इटियाडोह धरण, प्रतापगड, नागझिरा किंवा सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा आणि कचारगडची गुहा, यांतलेच काहीतरी ठरते. वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर. आपली गाडी आपणच चालवत न्यायची, की चालकासह गाडी भाड्याने घ्यायची?

हा प्रश्न पैशाचा आहे असे आपण धरून चालतो. गोंदियाहून नवेगावबांध, तिथून गोठणगावच्या बाजूला इटियाडोह, येताना प्रतापगड असा फेरा केला तर गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावते. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर तेरा-चौदा लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे चौदाशे रुपये. भाड्याची गाडी याच्या दुप्पट-तिप्पट घेते. त्यात किमान किलोमीटरची अट असते, अंतर गाडीवाल्याच्या दारापासून दारापर्यंत मोजतात, शिवाय चालकाचा भत्ता वेगळा. हे आकडे मांडले की घरातले जावई, भाचे छाती पुढे काढून म्हणतात, "कशाला उगाच? मी आहे ना!"

आमच्या घरीही यंदा हेच झाले. भाचा पुण्याचा, गाडी उत्तम चालवतो. पण सहल ठरली होती ती माझ्या मोठ्या बहिणीसाठी. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी बैलबंडीतून प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला गेलेली ही बाई कित्येक वर्षांनी पुन्हा तिकडे निघाली होती. एकाच डोंगरावर महादेव आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांचा दर्गा, दोन्हीकडे तिला डोके टेकवायचे होते. वाटेत ती बोलणार, एखाद्या गावाकडे बोट दाखवून कोणाचे लग्न तिथे झाले ते सांगणार. आणि ते ऐकायला सर्वांत उत्सुक असलेला तिचा मुलगा समोरच्या ट्रॅक्टरकडे डोळे लावून बसणार! दोनशे किलोमीटर गाडी चालवणारा माणूस त्या दिवशी सहलीला आलेला नसतो, कामावर आलेला असतो. मी भाच्याला हेच सांगितले.

शिवाय आपल्या भागातले रस्ते काय मागतात, हे बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या वाहतुकीत मुरलेला माणूस इथे कमी पडतो असे नव्हे, पण त्याच्या सवयी वेगळ्या. आपला जिल्हा धानाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत भारे लादलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय निघतात, कुठे रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेले असते. संध्याकाळी गुरे परततात तेव्हा रस्ता त्यांचा. अंधार पडला की जंगल सुरू होते. गोंदिया-कोहमारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. त्याच टापूत ऑगस्ट 2023 मध्ये गाडीची धडक बसून एक तरुण वाघ दगावला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या. एकीकडे वाघ वाढावेत म्हणून एवढी धडपड आणि दुसरीकडे एका वळणावरचा वेग! याच रस्त्यावर सडक अर्जुनी तालुक्यातल्या खजरीजवळ 29 नोव्हेंबर 2024 रोजी प्रवासी बस उलटली आणि दहाच्या वर माणसे गेली. रस्ता रुंद झाला म्हणून तो सोपा होत नाही. कोणत्या ठिकाणी चितळ आडवे येतात, कोणत्या गावापाशी पोरे अचानक सायकल वळवतात, हे इथल्या रोजच्या चालकाला ठाऊक असते आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आता कोणी म्हणेल, ठरले तर मग, भाड्याची गाडी घ्या. थांबा. खरी गोम पुढेच आहे.

लहान गावात "भाड्याची गाडी" म्हणजे बहुतेक वेळा काय असते? ओळखीतल्या कोणाची तरी घरगुती गाडी. "आपल्याच माणसाची आहे, डिझेल टाका आणि वर हजार-पाचशे द्या." गाडी चकचकीत असते, माणूस ओळखीचा असतो, भाडे कमी असते. मात्र नंबरपाटी पांढरी असते. श्रोतेहो, ही पाटी नीट पाहा. पांढऱ्या पाटीवर काळे अंक म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे अंक म्हणजे भाड्याने चालवण्याचा परवाना असलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळे अंक असतील तर ती भाड्याने घेऊन आपण स्वतः चालवायची गाडी. नागपूरला विमानाने उतरणारे पाहुणे हल्ली अशी गाडी घेऊन येतात. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी. त्यातही अंक पांढरे तर खासगी, पिवळे तर भाड्याची.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे हा 1988च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्याचा भंग आहे. तो दंड मालकाने भरावा, आपल्याला काय, असे वाटेल. पण खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर वापराची मर्यादा छापलेली असते. भाडे घेऊन प्रवासी नेणे त्यात बसत नाही. सगळे सुखरूप परतले तर हा कागद कोणी उघडत नाही. अपघात झाला तर मात्र विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि आत बसलेल्या माणसांच्या भरपाईची लढाई वर्षानुवर्षे कोर्टात चालते. दवाखान्याचे बिल तोवर थांबत नाही. हजार रुपये वाचवताना आपण नेमके काय पणाला लावतो, ते निघण्यापूर्वी कळलेले बरे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, हे मलाही मान्य आहे. मी सरळ सांगितले, "भाऊ, म्हातारी माणसे सोबत आहेत, पिवळ्या पाटीचीच गाडी पाहतो." तो थोडा रुसला. पुढच्या आठवड्यात चहाला आला.

पिवळी पाटी असली तरी परवाना आणि विम्याची मुदत विचारायला लाजू नये. चालकाकडे बॅज आहे का, असे पूर्वी विचारत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनासाठी हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो. तेव्हा त्या प्रश्नाऐवजी दुसरा विचारा : "काल रात्री कुठे होता?" लग्नसराईत आणि सुट्यांत चालक रात्री नागपूरहून वऱ्हाड सोडून पहाटे आपल्या दारात उभा राहतो. 2025पर्यंत लागू असलेल्या 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे लिहिले होते. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाकडे हा हिशेब कोण ठेवतो? तो आपल्यालाच ठेवावा लागतो. पहाटे पाचला निघून रात्री दहाला परतायचे असा बेत आखणारे आपणच असतो, आणि जेवायला बसताना चालकाला विसरणारेही आपणच. आम्ही दोन ठिकाणे कमी केली. इटियाडोहच्या काठी डबे सोडले तेव्हा चालकाचे पान आमच्याच सतरंजीवर होते. बहिणीने त्याला गाव विचारले. तो निघाला तिच्या मामेकुळाकडचा. मग परतीच्या वाटेवर भाचा मागे आणि बहीण पुढे, अशी बैठक बदलली!

स्वतः गाडी चालवूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. दोघे-तिघे तरुण असतील, आळीपाळीने चालवणार असतील, परसवाड्याच्या तलावावर सारस दिसेपर्यंत तासन्‌तास थांबायचे असेल, तर आपली गाडी बरी. घड्याळाकडे बघत उभा राहिलेला चालक पक्षी पाहणाऱ्याला नकोच असतो. नागझिऱ्यात आत जायला फाटकावर जिप्सी आणि वाटाड्या घ्यावा लागतो, म्हणजे आपली गाडी तशीही बाहेरच राहते. पण सकाळच्या फेरीसाठी घरून अंधारातच निघावे लागते, हे ध्यानात ठेवून आदल्या रात्री फाटकाजवळ मुक्काम करावा.

डोंगरगडच्या बमलेश्वरीला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. ते छत्तीसगडात आहे. आपली खासगी गाडी सीमा सहज ओलांडते. भाड्याच्या गाडीला बाहेरच्या राज्याचा परवाना असावा लागतो. नसेल तर नाक्यावर तास-दोन तास जातात, आणि दंड कोणी भरायचा यावरून देवीच्या दारातच भांडण होते.

आणि हाजरा धबधबा? दरेकसा रेल्वे स्थानकापासून तो जवळच आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर तिथे थांबते. आमगाव, सालेकसा करत गाडी डोंगरात शिरते, खिडकी सर्वांना मिळते आणि चालवायचे कोणालाच नसते. परतीच्या गाडीची वेळ तेवढी जाताना विचारून ठेवावी.