इष्टुर फाकडा आणि जळालेलं तळेगाव

 

आजची गोष्ट आपल्या मावळातलीच आहे. खंडाळ्याचा घाट चढून वर आलात की लोणावळा, मग कार्ला, मग वडगाव आणि पुढे तळेगाव. आज हा रस्ता तासाभरात संपतो. मधे चहाला थांबलात तर थोडा जास्त. पण 1778 च्या डिसेंबरात याच रस्त्यावर एक फौज अडकली होती आणि दिवसाला मैलभर चालतानाही तिची दमछाक होत होती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांकडे गेले, हे तुम्हाला माहीत आहे. गादीवर बसलेले सवाई माधवराव तेव्हा चार वर्षांचे होते. कारभार नाना फडणवीसांच्या हातात आणि फौजेत महादजी शिंदे. मुंबईच्या इंग्रजांनी ठरवलं, राघोबांना घेऊन थेट पुण्यावर जायचं. सुमारे 3,900 माणसं, तोफा आणि सामान ओढायला 19,000 च्या वर बैल! आता विचार करा, एवढ्या बैलांना रोज चारा किती लागत असेल? हा चाऱ्याचा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

मुख्य फौज अजून कोकणातच होती, तेव्हा एक तुकडी पुढे पाठवली. काम एकच, बोरघाट ताब्यात घ्यायचा आणि मागची माणसं येईपर्यंत धरून ठेवायचा. नोव्हेंबरच्या शेवटी ही तुकडी घाटावर चढली. तिचा प्रमुख होता कॅप्टन जेम्स स्टुअर्ट.

घाट म्हणजे तेव्हाची सरहद्दच. खाली कोकण, वर देश. मागची फौज वर पोचायला डिसेंबर संपत आला. तोवर जवळजवळ महिनाभर हा गडी मूठभर माणसांनिशी परक्या मुलखाच्या दारात उभा होता. समोर मराठ्यांचे स्वार. ते समोरासमोर भिडत नव्हते. यायचे, घाव घालायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे.

पुढे फौज सरकली ती कशीबशी कार्ल्यापर्यंत. तिथे 4 जानेवारी 1779 ला स्टुअर्ट मारला गेला. आपल्याकडे असं सांगतात की मराठ्यांची फौज कुठे आहे हे बघायला तो झाडावर चढला आणि तिथेच तोफेचा गोळा लागला. झाडाची गोष्ट खरी की मागाहून जोडलेली, हे तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट पक्की आहे. ज्यांच्याशी तो लढला, त्या मराठ्यांनीच त्याला नाव दिलं, 'इष्टुर फाकडा'. स्टुअर्टचा झाला इष्टुर. आणि फाकडा म्हणजे काय? रुबाबदार, बेडर, जिवाची पर्वा न करणारा जवान. आपण आपल्या माणसाला कौतुकाने म्हणतो ना, तसा शब्द. तो शत्रूला दिला! पुढे ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तेव्हाही हे नाव लोकांच्या तोंडी होतं. वडगावात पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची समाधी आहे आणि आजही लोक तिथे हात जोडतात.

बरं, गोष्ट इथे संपवता आली असती. शूर शत्रूचा मान राखणारी आपली माती, वगैरे. पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल.

फौज 9 जानेवारीला तळेगावला पोचली. समोर काय? जळालेलं गाव. धान्य नाही, चारा नाही, माणूस नाही. मराठ्यांनी ठरवूनच हे केलं होतं. गरज पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणंसुद्धा जाळायची तयारी होती. इंग्रजांकडे शिधा अजून काही दिवसांचा होता, पण हिंमत संपली. 11 जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप परत फिरले. गुपचूप कसलं! मराठे वाटच बघत होते. 12 तारखेला वडगावपाशी कोंडी झाली आणि तीन-चार दिवसांत तह करावा लागला. साष्टी परत द्यायचं कबूल केलं, राघोबादादा शिंद्यांच्या हवाली झाले. तो तह पुढे कलकत्त्याच्या इंग्रजांनी मानला नाही, युद्ध लांबलं, ते सोडा. पण त्या महिन्यात पुणं वाचलं.

आता सांगा, पुणं कोणी वाचवलं? नानांची अक्कल, महादजींची तलवार, हो, बरोबर. पण ज्याचं घर जळलं त्याचं काय?

जानेवारी महिना. मावळात भात झोडून नुकतंच घरात आलेलं असतं. कणग्या भरलेल्या, पेंढा रचलेला. वर्षाचं पोट त्या कणगीत. त्या घरात सोळा-सतरा वर्षांचा एखादा पोरगा असेल. हा माझ्या मनातला पोरगा आहे हं, कागदात सापडलेला नाही. पण असे असणारच की! म्हातारी आजी, दोन बैल आणि हाताला लागेल ते घेऊन रानात जायचं आणि वळून बघायचं तर आपल्याच गावातून धूर निघतोय. तोफेच्या तोंडी उभं राहायला धैर्य लागतं, मान्य. पण पुढचे आठ महिने काय खायचं ते माहीत नसताना रानात पाऊल टाकायला काय लागत असेल?

आणि इथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळायला नको. हा त्याग त्यांनी केला, की त्यांच्याकडून करून घेतला? हुकूम वरून आला होता. 'आमचं गाव जाळू का?' असं त्या पोराला कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. पण म्हणून त्याने सोसलेलं कमी ठरत नाही. उलट आपल्यावरचं त्याचं देणं वाढतं. स्वतःहून मरणाला सामोऱ्या गेलेल्या स्टुअर्टला निदान नाव मिळालं, समाधी मिळाली. वडगावला महादजींचं स्मारक आहे, तेही हवंच. ज्यांची कणगी जळली त्यांच्या नावाचा मात्र एक दगडही नाही.

इष्टुर फाकड्याचा मान काढून घ्या असं मी म्हणत नाही. ती मावळची दिलदारी आहे, ती राहू दे. फक्त पुढच्या वेळी तळेगावावरून जाल, गाडीत पोरं असतील, तर त्यांना दोन्ही गोष्टी सांगा. एक कार्ल्याला पडलेल्या कप्तानाची. आणि एक धुराकडे पाठ करून रानात गेलेल्या, नाव नसलेल्या पोराची.

तुमच्या गावात, तुमच्या घरात अशी एखादी आठवण आजी-आजोबांकडून आली असेल तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार.